दादाचं मीठ बंद केलं तर मेंदूतली गाठ थांबेल का?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला ग्लिओब्लास्टोमा (मेंदूतली कॅन्सरची गाठ) निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता केमोच्या गोळ्या चालू आहेत. सर्जन म्हणाले, दिसत होती तेवढी गाठ काढली पण परत येऊ शकते. घरात कुणीतरी मोबाइलवर वाचलं की ही गाठ सोडियम-पोटॅशियमच्या चॅनेलमुळे पसरते, तेव्हापासून वहिनींनी दादाचं मीठ पूर्ण बंद केलंय, भाकरीबरोबर शेंगाचटणीसुद्धा देत नाहीत. हे बरोबर आहे का? आणि फिट एकदाच आली होती, मग फिटची गोळी बंद केली तर चालेल का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताई, आधी वहिनींना सांगा, दादाला मिठाचं जेवण द्या. रक्तातलं सोडियम साधारण 135 ते 145 (mEq/L) च्या मध्ये ठेवायचं काम किडनी आणि हार्मोन्स करतात, त्यामुळे ताटातलं मीठ काढल्यानं गाठीतले चॅनेल बंद होत नाहीत. उलट सोडियम फार खाली गेलं तर मेंदूला सूज येते, फिट येते, आणि दादाला नेमकं तेच नकोय. बीपी असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल म्हणून डॉक्टरांनीच मीठ कमी सांगितलं असेल तर ते पाळा, ती गोष्ट वेगळी.

पण मोबाइलवर वाचलं ते अगदीच खोटं नाहीये. आयन चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातली प्रोटीनची दारं, त्यातनं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आत-बाहेर होतं, आपल्या नसांचे सिग्नल यावरच चालतात. गाठीच्या पेशी हीच दारं पसरायला वापरतात. त्या आधी क्लोराइड आत साठवतात, मग पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर सोडतात, त्यांच्या मागोमाग पाणी निघतं आणि पेशी आकसते. गड्ड्याच्या यात्रेत माणूस अंग चोरून गर्दीतनं पुढं सरकतो ना, तशी ती मेंदूतल्या बारीक फटीतनं, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं सरकते. अशा सुट्या पेशी एमआरआयमध्ये दिसत नाहीत, म्हणून सर्जन ‘दिसत होती तेवढी’ म्हणाले, त्यांनी काम अर्धवट सोडलं असं मनात आणू नका.

विंचवाच्या विषातलं क्लोरोटॉक्सिन नावाचं द्रव्य गाठीच्या पेशींना चिकटतं हे अमेरिकेत हॅराल्ड सोंटहायमर यांच्या गटानं 1990 च्या दशकात दाखवलं, पुढे त्याला रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन जोडून पेशंटवर चाचण्याही झाल्या. पण यातनं नेहमीच्या उपचारात वापरायचं औषध अजून आलेलं नाही, म्हणून विंचवाच्या विषाच्या नावानं कुणी काही विकत असेल तर कृपा करून पैसे घालवू नका.

आता फिटचं. गाठीच्या पेशी ग्लुटामेट (नसांना चेतवणारं रसायन) सोडतात, त्यानं आजूबाजूच्या नसा भडकतात आणि फिट येते. 2019 मध्ये हायडेलबर्ग आणि स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की नसा गाठीच्या पेशींशी थेट सिनॅप्स (सिग्नल पोचवणारे सांधे) जोडतात, आणि त्या सिग्नलनं गाठीची वाढ वाढते. मला यातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण या सांध्यांतली चॅनेल रोखणारी फिटची काही औषधं गाठीवर चालतात का हे आता तपासलं जातंय. मात्र फिटच्या गोळीनं गाठ बरी होते असं अजून सिद्ध झालेलं नाही, दादाची गोळी ही फिट थांबवण्यासाठीच आहे. फिट एकदाच आली म्हणून ती गोळी अचानक सोडू नका, सोडली तर लागोपाठ फिट येऊ शकतात. डोस कमी करायचा की बंद करायचा हे न्यूरोच्या डॉक्टरांनाच ठरवू दे, आणि इतके दिवस मीठ बंद होतं हे सांगून सोडियमची तपासणी या आठवड्यातच करून घ्या.