आवाज न करणारा आणि दिसायला देखणा गेमिंग-एडिटिंग पीसी असेंबल करायचाय, कोणते पार्ट घेऊ?

तुम्ही लिहिलंय की बजेट पावणेदोन लाख आहे, मॉनिटर घरात आहे, समोरून-बाजूने काचेचं कॅबिनेट, 360 मिलिमीटर रेडिएटरचं लिक्विड कूलिंग (पाणी फिरवून प्रोसेसर गार ठेवणारं) आणि नऊ आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांचे, फॅन एवढं पक्कं झालंय. आता "बाकीचे पार्ट" सुचवा, मशीन मात्र शांत हवं. अहो, जे पक्कं झालंय त्यातच तर सगळा आवाज आहे. बाकीचं काहीही घेतलंत तरी तो जाणार नाही.

चिडून लिहिल्यासारखं वाटेल, आणि चिडलोच आहे. कारण जवळजवळ हीच यादी खिशात घालून माझा आतेभाऊ लॅमिंग्टन रोडला गेला होता. आम्ही दोघं डोंबिवलीतून कामं करतो. दादा शूट आणि एडिट करतो, साउंड माझ्याकडे. छोट्या कारखान्यांच्या फिल्म, यूट्यूब चॅनेल, असली कामं. रात्री त्याच मशीनवर दादाचं गेमिंग. दुकानदारानं त्याला सांगितलं, "सर, पाण्यावर चालतं, म्हणजे आवाजाचा प्रश्नच नाही." दादा ते ऐकून आला, आणि दुसरी खोली नसल्यामुळे व्हॉइसओव्हरचा माइक त्या मशीनपासून हाताच्या अंतरावर मांडायची पाळी माझ्यावर आली.

मे महिना, पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद. शेतीच्या अवजारांच्या फिल्मचं निवेदन वाचणाऱ्या ताई घामानं निथळतायत, आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत हेडफोनवर ऊंऽऽऽ. एकसुरी असतं तर नॉइज रिडक्शनमध्ये बरंचसं काढता आलं असतं. हा आवाज मात्र चढायचा, उतरायचा, परत चढायचा. असला आवाज पुसायला गेलं की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. क्लायंटनं फिल्म बघून विचारलं, "मागे मिक्सर चालू होता का?" दादाचं यावर एकच उत्तर: "कॉम्प्युटर म्हटला की आवाज येणारच." वर मलाच सल्ला, की भिंतीला फोम लाव.

या "येणारच"वरून आमचं वाजलं ते वाजलंच.

तो एका लग्नाच्या शूटला गेला तेव्हा मी मशीन उघडलं. माइक जिथे असतो तिथेच कान ठेवला आणि बायोसमधून (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) एकेक फॅन मंद करत, बंद करत ऐकत गेलो. प्रोसेसर जवळजवळ निर्दोष निघाला. सतत येणारी बारीक शिट्टी पंपाची होती, तो कायम पूर्ण वेगानं फिरत होता. चढ-उतार करणारा आवाज ग्राफिक कार्डाच्या फॅनचा. आणि मूळ दुखणं समोरची अखंड काच. तिच्यामागे तीन फॅन हवा ओढायला धडपडतायत आणि हवा यायला जागा म्हणजे कडेची बोटभर फट. नाक दाबून जिना चढायला लावल्यासारखं. मी काच काढून भिंतीला टेकवून ठेवली. रेंडर लावला तर कार्डाचं तापमान बरंच खाली आलं आणि फॅन आपोआप मंदावले. एक रुपया खर्च नाही.

लिक्विड कूलिंगबद्दल लोकांचा समज काय आहे कुणास ठाऊक. पाणी उष्णता फक्त इकडून तिकडे नेतं. रेडिएटरवर तेच फॅन, वर पंपाचा आवाज वेगळा. खोलीच्या तापमानाखाली ना पाणी जातं ना हवा, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच 34-35 अंशांवर असते. परदेशी रिव्ह्यूमधली 21-22 अंशांच्या खोलीतली मापं इथे चालत नाहीत. मोठा एअर कूलर घ्या. नॉक्टुआचा एनएच-डी15 महाग वाटला तर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन. त्यात बिघडायला फॅनशिवाय काही नाही, आणि फॅन बदलता येतो. फक्त कॅबिनेटमध्ये उंची बसते का ते आधी बघा. डी15 ची उंची 165 मिलिमीटर आहे.

फॅनचं गणित सोपं आहे. वेग निम्मा केला तर हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलनं उतरतो. म्हणून मोठे फॅन घ्या, जमेल तिथे 140 मिलिमीटरचे, आणि सावकाश फिरवा. सारख्या आवाजाचा दुसरा फॅन लावला की फक्त 3 डेसिबल वाढतात, तेव्हा संख्येची भीती नाही, वेगाची आहे. तरीपण नऊ कशाला? समोर दोन-तीन, मागे एक, झालं. आणि फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगानं फिरवायचा ते! रायझन प्रोसेसरचं तापमान नुसता ब्राउझर उघडला तरी क्षणभर दहा-पंधरा अंश उडी मारतं, आणि कंपनीच्या सेटिंगवर फॅन प्रत्येक उडीला दचकतात. बायोसमध्ये फॅनचा वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायची सोय बहुतेक मदरबोर्डांत असते, ती लावा. "फॅन कंट्रोल" नावाचं मोफत सॉफ्टवेअरही आहे, त्यात कॅबिनेटचे फॅन ग्राफिक कार्डाच्या तापमानावर चालवता येतात. गेमिंगसाठी तेच बरोबर, कारण गेममध्ये सगळ्यात जास्त उष्णता तिथूनच येते.

आता "देखणा". इथे दादाशी दुसरं भांडण. मी नॉक्टुआचे फॅन आणले, ते त्यांचे प्रसिद्ध चॉकलेटी-बदामी. दादा म्हणाला, हे असलं माझ्या टेबलावर ठेवायचं नाही. त्यांचेच काळ्या रंगातले क्रोमॅक्स आणले, पैसे जास्त गेले, पण खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटलं होतं (त्याला हे सांगू नका). कॅबिनेट मात्र माझ्या पसंतीचं, फ्रॅक्टल नॉर्थ. समोर काच नाही, अक्रोडाच्या लाकडाच्या उभ्या पट्ट्या, मध्ये फटी, त्यामागे जाळी आणि 140 चे दोन फॅन कंपनीचेच. पांढऱ्या रंगात ओकच्या पट्ट्या येतात. माझ्या मते आजच्या घडीला एवढं देखणं आणि तरीही मोकळा श्वास घेणारं कॅबिनेट दुसरं नाही. घरात आलं तर आई म्हणाली, फर्निचर छान आहे, आणि तिनं वर क्रोशाचा रुमाल अंथरला. गरम हवा वरूनच बाहेर जाते हे तिला समजावताना नाकी नऊ आले. शेवटी रुमाल यूपीएसवर गेला.

त्यानंतरचं निवेदन स्वच्छ आलं. दादा आजही पाहुण्यांना सांगतो की माइक बदलला म्हणून फरक पडला. माइक बदलला होता हे खरं, पण तो आलेल्या कामाच्या पैशातून, नंतर! जुन्या माइकवरच्या फाइल माझ्याकडे आहेत, तारखांसकट.

असो. तुमचे "बाकीचे पार्ट".

ग्राफिक कार्डाचे वॅट बघा. आरटीएक्स 5070 चे 250, 5070 टीआयचे 300, 5060 टीआयचे 180. जेवढे वॅट तेवढी उष्णता तुमच्या खोलीत, आणि तेवढी हवा हलवणं आलं. एकाच चिपचं दोन फॅनचं कार्ड आणि तीन फॅनचं जाडजूड कार्ड असेल तर जाडजूड घ्या. मग एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाकून अंडरव्होल्ट करा, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज द्या, नाहीतर निदान पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्या कमी होतात, गेम खेळताना कळतही नाही. गेमच्या मेनूत किर्रर्र आवाज आला तर तो कार्डावरच्या तारेच्या कॉइलचा, फॅनचा नव्हे. एफपीएसला (सेकंदाला किती फ्रेम) मॉनिटरच्या रिफ्रेश रेटएवढी मर्यादा घातली की बहुतेक वेळा दबतो. पूर्ण जाईल याची खात्री नाही, आणि आपल्याकडे या कारणासाठी दुकानदार कार्ड परत घेत नाही.

प्रोसेसर रायझन 7 9700एक्स, 65 वॅटचा. इंटेलच घ्यायचा असेल तर 13व्या-14व्या पिढीचा जुना साठा स्वस्तात गळ्यात मारतील, जपून. जास्त व्होल्टेजमुळे ते खराब होण्याची भानगड 2024 मध्ये गाजली होती. घेतलाच तर बायोस अपडेट केल्याशिवाय वापरू नका. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) 850 वॅटचा, गोल्ड रेटिंगचा, कमी लोडला फॅन बंद ठेवणारा. सीझनिक किंवा कॉर्सेर आरएमएक्स. इथे पैसे वाचवू नका. रॅम 32 जीबी चालेल, 2025 च्या अखेरीस भाव भडकले म्हणून 64 चा आग्रह धरत नाही. एडिटिंगचं फुटेज एनव्हीएमई एसएसडीवर. फिरत्या हार्ड डिस्क कॅबिनेटमध्ये नकोत, त्या बाहेर ठेवा आणि बॅकअपपुरत्याच जोडा.

कॅमेरा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. 10-बिट 4:2:2 एच.265 (जास्त रंगमाहिती साठवणारा व्हिडिओ प्रकार) शूट करत असाल तर आरटीएक्स 40 मालिका ते हार्डवेअरवर डीकोड करत नाही, म्हणजे उलगडायचा भार प्रोसेसरवर पडतो; 50 मालिका करते, 11व्या पिढीपासूनचे इंटेलचे अंगभूत ग्राफिक्सही करतात. सेकंडहँड 4070 स्वस्तात मिळतोय म्हणून उचलाल आणि टाइमलाइन अडखळली की मशीनला शिव्या द्याल. इंटेलमध्येही नावापुढे एफ असलेला घेऊ नका, त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं.

आणखी एक. मी माइकच्या बाजूनं बोलतोय. तुम्ही खोलीत काही रेकॉर्ड करणार नसाल आणि छताचा पंखा चारवर ठेवूनच बसणार असाल, तर त्या पंख्याच्या आवाजात तुम्हाला यातलं निम्मं ऐकूच येणार नाही. मग क्रोमॅक्स-बिमॅक्स सोडा, आर्क्टिकचे पी12 फॅन लावा, समोर जाळी असलेलं कुठलंही बरं कॅबिनेट घ्या आणि उरलेले पैसे ग्राफिक कार्डात घाला.