स्वस्तातले रेगे (जमैकन संगीत) गाण्यांचे संग्रह घेताना
अरे, कव्हरवरची मोठी नावं बघून भुलू नकोस, आधी मागची बाजू वाच. गाण्यापुढे निर्माता आणि साल छापलंय का? नसेल तर बरेचदा जुनी हिट गाणी नंतर पुन्हा रेकॉर्ड केलेली निघतात, गायक तोच पण मागे खऱ्या ड्रम्सऐवजी मशीनची टकटक, असे दोन-तीन घेऊन मी पस्तावलोय.

१९६८ साली सुरू झालेल्या ट्रोजन या ब्रिटिश रेगे रेकॉर्ड कंपनीचे बॉक्स सेट, तीन सीडी आणि ५० गाणी, सेकंडहँड दिसले तर बिनधास्त घे. रॉकस्टेडीचा (रेगेच्या लगेच आधीची जमैकन शैली) वेगळा, डबचा (गायन बरंचसं काढून ड्रम आणि बेसवर भर देणारी शैली) वेगळा. पहिला रॉकस्टेडीचाच घे, लगेच प्रेमात पडशील!

हे टाळ:
- नुसती गाण्यांची संख्या मोजणं
- एकाच गायकाचे चार संग्रह, निम्मी गाणी तीच असतात

प्रेसिंग, मास्टरिंगचं, म्हणजे डिस्क कुठली छापील आणि तिचा आवाज कसा तयार केलाय, ते नंतर बघू.