नाव नसलेले दोन मावळे

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

सिंहगडाच्या रात्रीवरचा तुझा आराखडा वाचला. सोबत विचारलं आहेस, "इतिहासावरच्या चित्रपटात कल्पनेला सूट किती घ्यावी?" मी हा प्रश्न थोडा बदलेन. सूट किती, हे आधी ठरवता येत नाही. ती कुठे घ्यायची ते ठरवता येतं. कागद बोलतो तिथे त्याला खोडायचं नाही, आणि तो गप्प असेल तिथली सगळी जागा तुझी. मात्र तो कुठे गप्प आहे हे कळायला आधी कागद वाचावा लागतो. बहुतेक पटकथा तिथवर पोचतच नाहीत, कारण त्या आधीच्या चित्रपटांवरून लिहिलेल्या असतात.

म्हणून पहिलं काम दाखल्यांच्या वहीचं. डाव्या पानावर प्रसंगाचा क्रमांक आणि दोन ओळींत काय घडतं ते. उजव्या पानावर आधार कशाचा, तो कागद घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलेला, आणि लिहिणारा कोणत्या पक्षाचा. मग चार रंगांच्या पेन्सिली घे. त्याच काळातलं पत्र किंवा शकावलीतली, म्हणजे घटनांच्या तारीखवार यादीतली, नोंद हिरवी. पाहिलेली-ऐकलेली माणसं हयात असताना लिहिलेली बखर निळी. शंभर वर्षांनंतरची बखर, पोवाडे आणि दंतकथा पिवळ्या. तू रचलेलं ते लाल. लाल रंग जास्त झाला म्हणून घाबरू नकोस. पिवळ्या रंगाला हिरवा समजून त्यावर अख्खा चित्रपट उभा राहतो, ते खरं घाबरण्यासारखं.

आता ही रात्र या वहीत बसवून पाहू. तिथी माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. सविस्तर हकीकत मिळते ती कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत. ती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला, घटनेनंतर सुमारे २५ वर्षांनी लिहिलेली, म्हणून निळा रंग. सभासद सांगतो ते असं: तानाजी मालुसरे ५०० माणूस घेऊन गडाखाली गेले. दोन मर्दाने मावळे निवडून रात्री कड्यावरून चढवले, ते वानरासारखे चढले. वर जाऊन त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली. तीवरून तानाजींसकट ३०० माणूस वर गेलं. उदेभान किल्लेदाराला खबर लागली, त्याची १२०० माणसं हिलाल, म्हणजे मशाली, आणि चंद्रज्योती, म्हणजे पांढऱ्या उजेडाची दारू, लावून चालून आली. प्रहरभर झुंज झाली. तानाजींच्या डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा हातावरच वार घेत ते लढले. तानाजी आणि उदेभान दोघेही पडले. तानाजींचे भाऊ सूर्याजी यांनी लोकांना सावरून गड घेतला आणि पागेच्या खणांना आग लावली. तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला.

बखरीतले आकडे ठोकळ असतात, ते ताळेबंदासारखे वाचू नकोस. पण प्रमाण बघ. निम्म्याहून थोडे जास्त लोक वर पोचतात आणि चौपट लोकांशी भिडतात. उरलेले २०० कुठे होते? शिडीच्या पायथ्याशी, कड्यात अडकलेले, की दुसरीकडे दबा धरून? सभासद सांगत नाही. हा एक अख्खा प्रसंग आहे आणि तो पूर्ण तुझा.

त्याहून मोठी जागा त्या दोन मावळ्यांची. सभासद त्यांची नावं देत नाही. सगळ्या मोहिमेचा भार त्या दोन माणसांच्या बोटांवर आहे आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे एक वाक्य आहे. ते कुठल्या गावचे, कडा चढायला कुठे शिकले, मधाची पोळी काढणारे होते की गुरांमागे फिरणारे, वर पोचल्यावर दोर कशाला बांधला, झुंजीनंतर दोघांतला कोणी उरला का? यातलं काहीही लिहिलंस तरी एकही कागद खोटा पडत नाही. तुझ्या आराखड्यात त्यांना पाऊण पान आहे आणि दोर बांधून कड्यावर चढवलेल्या घोरपडीला चार. हे उलटं कर.

घोरपड येते पोवाड्यातून. "आधी लगीन कोंढाण्याचं" तिथूनच येतं, जिजाऊसाहेबांनी गड मागितल्याचा प्रसंगही तिथलाच. हे टाकून दे असं मी म्हणणार नाही, लोकांनी पिढ्यानपिढ्या जपलेली ती संपत्ती आहे. फक्त ती जिथली आहे तिथे ठेव. शाहीर उभा कर, डफ आणि तुणतुणं घे, आणि घोरपड त्याच्या तोंडून कड्यावर चढू दे. पडद्यावर त्याच वेळी ती दोन माणसं चढताना दिसू देत. पोवाडा कसा जन्मतो तेही प्रेक्षकाला कळेल. (जिवंत घोरपड वापरायचा विचार असेल तर तो सोडून दे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे.)

शेवटचा संवादही बदल. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी वाक्य आहे, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." तानाजींनाच गड म्हटलं आहे. आपल्या कानांवर "गड आला पण सिंह गेला" हे वाक्य बसलेलं असल्यामुळे हे आधी साधं वाटेल, पण नटाला दोन्ही मोठ्याने म्हणायला लाव. आणि "आजपासून या गडाचं नाव सिंहगड" हा नामकरणाचा प्रसंग काढ. १६७० च्या आधीच्या कागदांत सिंहगड हे नाव सापडतं. इथे कागद बोलतो आहे, म्हणून इथे सूट नाही.

तिथीचा उपयोग फार कमी लोक करतात. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर, साधारण एकच्या सुमारास उगवतो, तोही अर्धा. म्हणजे चढाई अंधारात, मग एकदम हिलालांचा तांबडा उजेड आणि चंद्रज्योतींचा पांढरा, पहाटेकडे डोक्यावर अर्धा चंद्र, शेवटी पागेची आग. तुझ्या छायालेखकाला पूर्ण रात्रीची प्रकाशयोजना कागदानेच दिली आहे, आणि त्याने निळ्या चांदण्यात कडा न्हाऊ घातला आहे. पन्हाळ्याहून सुटकेची रात्र असती तर आषाढी पौर्णिमा होती, ढगांआडून का होईना पण चांदणं होतं. प्रत्येक रात्रीचं गणित वेगळं. तारखांबाबत एक सावधगिरी: आपण लिहितो त्या तारखा जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या आहेत. आजच्या पंचांगाशी ताडायच्या तर १७ व्या शतकासाठी दहा दिवस मिळवायचे, म्हणजे ही रात्र १४ फेब्रुवारीची. शिवाय इंग्रज वखारवाल्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्यांच्या पत्रांत हाच फेब्रुवारी १६६९ चा दिसतो. हे ठाऊक नसलं की घटना वर्षभर मागे सरकते.

फेब्रुवारी म्हणजे गवत वाळून पिवळं झालेलं. ऑगस्टमधला हिरवागार सह्याद्री कितीही देखणा असला तरी तो इथे चालणार नाही. वाळक्या गवतावर पाऊल वाजतं, दगड निसटतो, आणि पहारेकरी वीस हातांवर आहे. पावसाळ्यातल्या मऊ मातीवर हा ताण मिळणारच नाही.

जागा निवडताना वनस्पती ओळखणारा माणूस बरोबर ने. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतला, नेमका फेब्रुवारीत गुलाबी फुलतो आणि चौकटीत घुसतो. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, गाजरगवत पुण्याच्या आसपास दिसू लागलं ते १९५० नंतरच्या दशकात. घायपातही अमेरिकेतली, तेव्हा दोर अंबाडीचा, तागाचा किंवा काथ्याचा ठेव. पळस, पांगारा, काटेसावर मात्र खुशाल दाखव, ते आपले आणि याच दिवसांत फुलणारे. गावातल्या घरांवर मंगलोरी कौलं नकोत. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा आहे. नळीची कौलं किंवा गवताचं शाकारणं वापर. कापडाचा रंग हा हमखास फसण्याचा भाग. कृत्रिम रंग १८५६ नंतरचे, म्हणून झगझगीत जांभळा आणि राणी रंग बाद. नीळ, मंजिष्ठ, हळद, डाळिंबाची साल यांतून निघणारे रंग घे. कपडेपटाला सांग, जवळून दिसणारी शिवण हातशिलाईची हवी, यंत्राचा एकसारखा टाका कॅमेऱ्यात लगेच ओळखू येतो. स्वयंपाकघराच्या प्रसंगात टोमॅटो, शेंगदाणे, साबुदाणा आणि चहा यांना मज्जाव.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. बंदुका तोड्याच्या, म्हणजे जळती वात दारूला लावून उडणाऱ्या. एकदा उडवल्यावर पुन्हा भरायला सरावाच्या हातालाही अर्धं-पाऊण मिनिट लागतं. अंधारात त्या पेटत्या वातीचा ठिपका लांबून दिसतो, हे तुला वापरता येईल. काळ्या दारूचा पांढरा दाट धूर होतो, आगीचे लोळ उठत नाहीत. भरीव लोखंडी गोळा फुटत नाही, आदळतो, उसळतो, माणसं आणि भिंती फोडत जातो. या झुंजीत मुळात तोफांपेक्षा तलवार, भाला आणि ढालच महत्त्वाची, आणि अंधारात आपला-परका ओळखणं. ३०० माणसं उभी करायला पैसा नसेल तर काळजी नको. हिलालांच्या उजेडाच्या वर्तुळात ५०-६० जण पुरतात, बाकीचे आवाजात ठेव.

भाषेवर मला तुझ्याशी भांडायचं आहे. तुझी पात्रं संस्कृतप्रचुर बोलतात, "सेनापती", "दुर्ग", "अमात्य" म्हणतात. १६७० मध्ये शब्द होते सरनोबत, किल्ला, मुजुमदार. अष्टप्रधानांची संस्कृत नावं आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश हे राज्याभिषेकाच्या सुमाराचं आणि नंतरचं काम. तसंच "छत्रपती" हे बिरुद ६ जून १६७४ नंतरचं, तोवर महाराज किंवा राजे. त्या काळच्या पत्रांत हुकूम, मुलूख, फौज, जासूद, खजिना हे शब्द सहज येतात, ते फारसीतून आले म्हणून गाळू नकोस. मावळ्यांच्या तोंडी मावळची बोली दे, पण आजची ग्रामीण विनोदी नाटकातली नको. मिनिट, तास, मैल काढून घटका, प्रहर, कोस घाल. एक घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. म्हणजे सभासदाची "प्रहरभर झुंज" तीन तासांची होती, तुझ्या पटकथेत ती आठ मिनिटांत आटोपते. पडद्यावर आठच मिनिटं ठेव, पण माणसं तीन तास लढल्यासारखी थकलेली दिसू देत.

काळ आवळणं, दोन जासुदांचं एक पात्र करणं, तीन मसलती एका बैठकीत आणणं, या सवलती बिनदिक्कत घे. कारण, हेतू आणि निकाल यांना हात लावू नकोस. उदेभानाच्या बाबतीत तू तिथेच हात लावला आहेस. त्याला कच्चं मांस खाणारा क्रूर राक्षस केलास, याला हिरवा किंवा निळा आधार नाही. तो मुघलांच्या चाकरीतला राजपूत किल्लेदार होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले द्यावे लागले त्यांत हा गड होता, आणि तो राखणं हे त्याचं काम होतं. ते करताना तो मेला. त्याला लहान केलंस तर ज्या हाताने ढालीशिवाय वार झेलले तो हातही लहान होतो. शिवाय किल्लेदार राजपूत असताना या रात्रीला दोन धर्मांचं युद्ध म्हणून रंगवणं सरळ सरळ चूक आहे, आणि अशी चूक चित्रपटगृहाबाहेर पडून गावोगाव फिरते.

इतिहासाचा जाणकार घेणार असशील तर पटकथेच्या पहिल्या खर्ड्याला घे, जाहिरातीच्या वेळी नाही. त्याला मानधन ठरवून दे. "हे बरोबर आहे का?" असं विचारू नकोस, "याला विरोधी कागद कोणता?" असं विचार. कपडे आणि शस्त्रं चित्रीकरणाआधी महिनाभर त्याच्यासमोर मांड, म्हणजे बदलायला वेळ उरतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुराभिलेखागार दोन्ही आहेत. सहायकांपैकी एकाला मोडी शिकव. आणि चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाटीवर विसंबू नकोस. "काही प्रसंग काल्पनिक आहेत" म्हणण्याने कोणते ते प्रेक्षकाला कळत नाही. त्यापेक्षा शेवटच्या नामावलीत चार ओळी लिही: सभासदाकडून काय घेतलं, पोवाड्यातून काय, आणि त्या दोन मावळ्यांची नावं तू दिलेली आहेत.

वहीची पहिली तीस पानं भरली की पाठव. आधी कड्याचे प्रसंग, दरबाराचे नंतर पाहू. आणि येत्या माघ वद्य नवमीला रात्री उघड्यावर बसून चंद्र उगवेपर्यंत किती दिसतं ते डोळ्यांनी बघून ठेव, छायालेखकालाही बरोबर घे.

तुझ्या चित्रपटाच्या प्रतीक्षेत,
अनेक आशीर्वाद.