गुरुवारी रूट कॅनल आहे आणि भीतीने झोप येत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल गुरुवारी आहे, याआधी दोनदा नंबर लावून ऐनवेळी गेला नाहीत, इंजेक्शनचं नाव काढलं तरी हातपाय गार पडतात, आणि घरचे म्हणतात दाढेला हात लावला की नजर अधू होते. मी डॉक्टर नाही, लातूरजवळ औशात ब्लाउज शिवते. पण दाढ ठणकत असताना चार महिने मीही अशीच पळत राहिले होते, म्हणून लिहायला बसले.

माझं दुखणं दिवाळीत सुरू झालं. पुढे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, शेतात आंबिलाचा पहिला घोट घेतला आणि खालच्या दाढेतून कानापर्यंत अशी कळ गेली की तांब्या हातातून सुटला. घरी आल्यावर लवंग धरली, मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, मेडिकलमधून गोळी आणली. यजमानांनी लातूरला नंबर लावला, तो मी लग्नसराईचं काम आहे म्हणून मोडला. पुन्हा लावला, पुन्हा मोडला. संक्रांतीनंतर ठणका आपोआप थांबला आणि मला वाटलं, सुटले. खरं म्हणजे आतली नस मेली होती. नस मेली की कळ थांबते, पण जंतू मुळाच्या टोकाशी पसरतच असतात. शिवरात्रीच्या सुमाराला एका सकाळी उठले तर गाल जबड्यापर्यंत सुजलेला, तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. तुमची दाढ अधूनमधून दुखायची थांबली तर ती बरी झाली असं समजून तारीख पुढे ढकलू नका, एवढं माझ्यावरून घ्या.

आत्याबाई मला म्हणायच्या, "दोन लेकरं झाली की गं तुला, दाढंला काय एवढं भ्यायलीस?" त्यांच्या त्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. बाळंतपणाच्या कळांपुढे दाढेचं काय? मग भीती कशाची? रात्री मशीन बंद करून बसले की आठवायचं. मी नऊ वर्षांची असताना दात काढायला नेलं होतं. भूल नीट चढली नव्हती. दुखतंय म्हणून ओरडले तर "दुखत नाही, गप बस" असं सांगून दोघांनी हात धरले आणि दात ओढला. मला भीती होती ती दुखतंय म्हटल्यावर कुणी थांबणार नाही याची. हे सापडल्यावर अर्धं ओझं तिथेच उतरलं, कारण डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते कळलं. तुम्हीही शोधून बघा. कुणाला सुईची भीती असते, कुणाला गुदमरण्याची, कुणाला मशीनच्या आवाजाची, कुणाला खर्चाची. प्रत्येकीवर उपाय निराळा आहे.

लातूरला गेले तेव्हा बोलताना आवाज फुटणार नाही हे माहीत होतं, म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून नेली. "मला फार भीती वाटते. लहानपणी दुखत असताना थांबले नव्हते. मी हात वर केला की कृपा करून थांबा." डॉक्टर मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, मास्क खाली केला, स्टूल ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, डावा हात वर केला की मी दोन्ही हात तोंडाबाहेर काढणार. आधी करून बघू." काहीही सुरू करण्याआधी त्यांनी मला हात वर करायला लावला आणि खरंच हात बाहेर काढून दाखवले. त्या दिवशी मी तीनदा हात वर केला. एकदा तर उगाचच, थांबतात का ते बघायला. थांबल्या. त्यानंतर माझं अंग सैल झालं, ते मला आजही आठवतं. तुमच्या दवाखान्यात ही खूण आधी ठरवून घ्या. खुर्चीवर आडवं व्हायच्या आधी, बसल्या बसल्या. आडवं झाल्यावर तोंडात कापूस असतो आणि बोलणं होत नाही.

आता इंजेक्शन. आधी हिरडीला बधिर करणारं जेल किंवा स्प्रे लावतात का ते विचारा, त्याने सुईचा डंख कमी लागतो. भुलीचं औषध बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन असतं, १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं. त्यात बऱ्याचदा ॲड्रिनॅलिन मिसळलेलं असतं, म्हणजे भूल जास्त वेळ टिकते. त्यामुळे इंजेक्शननंतर मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडू शकते. हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरतो आणि घाबरल्याने आणखी धडधडतं. मला मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून धडधड सुरू झाल्यावर मी मनात म्हटलं, हे औषध आहे. थोड्या वेळात शांत झालं. हृदयाचा त्रास असेल तर मात्र तो आधी सांगायचाच.

खालच्या दाढेसाठी सुई जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. भूल चढली की त्या बाजूचा अर्धा ओठ आणि हनुवटी जड वाटते, जीभही बधिर होते. ओठ जड झाला नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि थांबायला सांगा. जिथे खूप दाह असतो तिथे आम्लता वाढलेली असते, त्यामुळे भूल कधीकधी कमी चढते. हा दोष तुमच्या भित्रेपणाचा नाही. डॉक्टर आणखी डोस देतात, दुसऱ्या जागी देतात, किंवा आधी पू काढून, औषध देऊन काही दिवसांनी पुढचं काम करतात. माझं तसंच केलं. माझ्या नवव्या वर्षी हे कुणी केलं असतं तर चार महिने वाचले असते.

सुई बघून चक्कर येत असेल तर ती बघू नका, आणि आधी सांगा म्हणजे खुर्ची पूर्ण आडवी करतात. मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळून सोडायच्या, असं पाच-सहा वेळा. त्याने रक्तदाब एकदम खाली जात नाही.

आत काय होतं तेही सांगते, कारण न कळलेल्या आवाजानेच जास्त दचकायला होतं. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, त्याला रबर डॅम म्हणतात. पाणी, औषध किंवा बारीक सुई घशात जाऊ नये म्हणून तो असतो. गुदमरल्यासारखं वाटलं तरी नाकाने श्वास चालू राहतो. सर्दी असेल तर मात्र आधी बोला. मोठा आवाज करणारं मशीन फक्त सुरुवातीला, दाताला भोक पाडताना चालतं. पुढचं काम बहुतेक शांत. खालच्या दाढेच्या मुळांत नस असलेल्या बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार. बारीक कानस घालून त्या साफ करतात आणि औषधाने धुतात. त्याला ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो, आपल्याकडे विहिरीत टाकतात तसा. मध्येच एक यंत्र टीं-टीं वाजतं. ते वाजलं तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलं, पण ते नळीची लांबी मोजत होतं. शेवटच्या सीटिंगला गटापार्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून नळ्या बंद करतात. दाबल्यासारखं जाणवतं, आणि तोंड उघडं ठेवून जबडा खरोखर दुखतो. जबडा दुखला तरी हात वर करा, मिनिटभर तोंड मिटू देतात.

श्वासाचं एवढंच: चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांबवायचं, आत घेणं नाही. हे बुधवारी रात्री पाच-दहा मिनिटं करून ठेवा, खुर्चीवर पहिल्यांदाच केलं तर जमत नाही. आणि रूट कॅनलचे व्हिडिओ बघू नका, मी बघितले आणि दोन रात्री गेल्या.

नजरेचं म्हणाल तर माझ्या माहेरीही हेच म्हणतात, मी मॅडमना विचारलं होतं. मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात. नजरेची नस दुसरी, दातांची संवेदना नेणारी पाचवी. दोन्ही वेगळ्या. दाढेतली नस काढल्याने दिसणं कमी होत नाही. वयाच्या चाळिशीत चष्मा लागतो आणि दाढेचं दुखणंही कित्येकांना त्याच सुमाराला निघतं, त्यावरूनच लोकांनी सांगड घातली असावी असं मला वाटतं.

उपाशी जाऊ नका. पोळी-भाजी, दूध-भाकरी, काहीतरी पोटभर खा, कारण नंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो आणि चावा बसला तरी कळत नाही. त्या वेळात गरम चहाही नको. बीपीची, शुगरची गोळी नेहमीप्रमाणे घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा. सकाळचा चहा एकच, म्हणजे धडधड वाढणार नाही. मिश्री, तंबाखू त्या दिवशी तरी लांब ठेवा. सोबत असा माणूस न्या जो शेजारी गप्प बसू शकेल. मी यजमानांऐवजी शेजारच्या आक्काला नेलं, कारण त्या "काही होत नाही" असं एकदाही म्हणाल्या नाहीत, नुसता माझा हात धरून बसल्या.

खर्च हीच खरी धास्ती असेल तर नळ्यांच्या कामाचा आणि नंतर दाढेवर बसवायच्या कॅपचा आकडा आधी वेगवेगळा विचारून घ्या. छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे खासगीपेक्षा बरंच कमी लागतं, फक्त वेळ हाताशी ठेवून जावं लागतं.

भूल उतरल्यावर दोन-तीन दिवस चावताना हुळहुळतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घ्या, वरण-भात खा, कडक भाकरी दुसऱ्या बाजूने. कॅप बसेपर्यंत त्या दाढेने सुपारी, खडीसाखर फोडू नका, दात उभा चिरतो. सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप आला, गिळता येत नसेल, तर रात्र काढत बसू नका, लगेच दाखवा.

उद्या सकाळी दवाखाना उघडला की फोन करा. गुरुवारचा पहिला नंबर मागा, म्हणजे बाहेर बसून आतले आवाज ऐकत राहावं लागणार नाही. आणि फोनवरच सांगून ठेवा, "मला भीती वाटते, दोनदा तारीख मोडली आहे, सुरू करण्याआधी माझ्याशी दहा मिनिटं बोला." आवाज फुटत नसेल तर घरच्या कुणाला तरी फोन करायला लावा, पण हेच वाक्य सांगायला सांगा.