वाचकांचे प्रश्न : घरच्या पार्किंगमधला हॉट रॉड

या वेळची चारही पत्रं फियाटवाल्यांची, म्हणजे प्रीमियर पद्मिनीवाल्यांची आहेत. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी कापून, हलकी करून आणि इंजिनाचा दम वाढवून बनवलेली वेगवान गाडी. चौघांचं काम वेगवेगळ्या टप्प्यावर अडलंय, म्हणून उत्तरं एकत्रच देत आहोत.

प्रश्न : वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. छप्पर चार इंच खाली घ्यायचं, पुढचे मडगार्ड काढायचे आणि मारुती जिप्सीचं इंजिन बसवून हॉट रॉड करायचा, असा विचार आहे. मिग वेल्डिंग (गॅसच्या आवरणात तार वितळवून करायचं) येतं. सुरुवात कुठून करू? (सहकारनगर)

छप्पर कापू नका. हॉट रॉडचा प्रकार १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजला, तो मुख्यतः फोर्डच्या मॉडेल टी, मॉडेल ए आणि १९३२च्या गाड्यांवर. त्यांच्या खाली शिडीसारखी वेगळी चासी असायची. वरची बॉडी कापली, मडगार्ड उतरवले, तरी इंजिन, एक्सल आणि स्टिअरिंग धरणारी चासी शाबूत राहायची. पद्मिनीला अशी चासीच नाही. दाराखालचे बॉक्स, खांब, छप्पर आणि पुढचे एप्रन (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे) मिळूनच तिचा सांगाडा होतो. छप्पर उतरवलं की गाडी मधून वाकायला लागते आणि दारं खाली घासतात. मडगार्ड काढले तर पावसाळ्याचे चार महिने चिखल थेट एप्रनच्या सांध्यांत भरतो. असलाच अवतार हवा असेल तर शिडीच्या चासीवरची जुनी जीप शोधा. पद्मिनीचा तिच्या अंगाने जाणारा हॉट रॉड करा : उंची थोडी कमी, आत नीट बांधणी, मूळ इंजिनातून काढलेला दम.

कागदांचं आधीच सांगतो, कारण बहुतेक जण हा भाग शेवटी वाचतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे जिप्सीचं १२९८ सीसीचं, ८० बीएचपीचं इंजिन ज्या गाडीत जाईल ती ट्रेलरवरून प्रदर्शनाला किंवा खासगी मैदानात न्यायची गाडी झाली. रस्त्यावर चालवायची असेल तर आरसीवरचं १०८९ सीसीचं इंजिनच ठेवा. नुसता रंग बदलला तरी आरटीओत नोंद करून घ्या. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. तुमची गाडी दहाएक वर्षांत त्या वयाची होईल. वडिलांची आहे म्हणूनही याचा विचार करा.

घरी करण्याजोगं पहिलं काम खालच्या पत्र्याचं. जुना स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने दाराखालचे बॉक्स, जॅक लावायची जागा आणि मागचे कमानपाटे जिथे टांगलेत तो भाग ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. भद्द आवाज आला तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे आणि लांबीखाली गंज आहे. त्या जागी टोक रोवून बघा, आत गेलं तर तेवढा पत्रा बदलायचाच.

कापण्याआधी गाडी समतल करून चारही सस्पेन्शनच्या बोल्टांपासून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीच्या आत हवा. मग दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा आणि तिरका, तात्पुरता वेल्ड करा. एका वेळी एकच बाजू उघडा. दोन्ही बॉक्स एकदम कापले की गाडी मधून बसते, आणि पुढे कितीही चांगलं डेंटिंग केलं तरी दार पुन्हा बसत नाही. बॉक्सला १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिमीचा पत्रा घ्या. मिगची वायर ०.८ मिमीची, गॅस आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचा. टाके दोन-अडीच सेंटीमीटरचे, एक इकडे एक तिकडे, मध्ये पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ द्या. सलग ओढलेला टाका पत्रा फुगवतो. पत्र्यावर पत्रा बसतो तिथे वरच्या पत्र्याला ८ मिमीची भोकं दर २५ ते ३० मिमीवर पाडून ती वेल्डने भरा.

पेट्रोलची टाकी आधी उतरवून पार्किंगबाहेर, मोकळ्या हवेत ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. बॅटरी सोडवा. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) शहाबादी फरशीवर तशाच उभ्या करू नका. त्यांचे पाय टोकावर भार देतात आणि पोकळ बसलेली फरशी तडकते. प्रत्येक घोडीखाली १८ मिमी प्लायचा फूटभर तुकडा द्या.

पत्रा झाल्यावर ब्रेक आणि सगळ्यात शेवटी इंजिन. वेग ताशी ६० वरून ८५ किलोमीटरवर गेला की ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा दुप्पट होते, आणि जुन्या फियाटचे चारही ड्रम ब्रेक बहुधा एकाच सर्किटवर (ऑइलच्या एकाच वाटेवर) चालतात. एक व्हील सिलिंडर फुटला की पेडल थेट तळाला.

प्रश्न : पुढे डिस्क ब्रेक बसवले. दहा मिनिटं चालवली की पुढची चाकं धरतात, रिमला हात लाववत नाही इतकी तापतात. गाडी गार झाली की पुन्हा मोकळी. कॅलिपर नवे आहेत. (चिंचवड)

कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) दोष देण्याआधी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा) बघा. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी अनेकदा एक छोटी झडप असते. ड्रमचे शू जवळ राहावेत म्हणून ती लाइनमध्ये १० पीएसआयच्या आसपास दाब कायम धरून ठेवते. ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग असते, डिस्कमध्ये नसते. तोच दाब पॅडला डिस्कवर टेकवून ठेवतो, घर्षणाने ब्रेक ऑइल तापतं, फुगतं आणि आणखी दाबतं. गाडी गार झाल्यावर सुटते, ते यामुळेच.

खात्री अशी करा : चाक धरलेलं असताना कॅलिपरचं ब्लीडिंग निप्पल (ऑइल आणि हवा सोडायचा स्क्रू) किंचित उघडा. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक सुटलं तर दाब अडकलेला आहे. आता निप्पल बंद करून ब्रेक पुन्हा दाबा, आणि चाक धरलं की मास्टर सिलिंडरकडचं पाइपाचं नट सैल करा. तिथे सुटलं तर दोष झडपेचा किंवा पुशरॉडचा (पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांडीचा). तिथे सुटलं नाही आणि निप्पलवरच सुटलं तर रबरी होज आतून सुजलेला आहे. पुशरॉडला १ ते २ मिमी मोकळीक हवी. नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचं भोक बंद राहतं आणि लक्षण हुबेहूब हेच दिसतं.

कायमचा इलाज म्हणजे दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, आणि मागच्या ड्रमच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. मागची चाकं आधी लॉक झाली तर ओल्या रस्त्यावर गाडी स्वतःभोवती फिरते. रिकाम्या मैदानात ताशी ३० किलोमीटरवर जोरात ब्रेक मारून बाहेर उभ्या माणसाला कुठलं चाक आधी थांबतं ते बघायला सांगा. डॉट ४ ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषलेल्याचा १५५पर्यंत उतरू शकतो.

प्रश्न : इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) किती घासून घ्यावं? लेथवाला म्हणतो दोन मिमी काढून टाकू, पिकअप वाढेल. (कोथरूड)

मोजल्याशिवाय काहीच काढू नका. फियाटचा बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे २७२.४ सीसी. समजा आजचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) ७.५ आहे. मग पिस्टन वर असताना उरणारी जागा २७२.४ भागिले ६.५ (७.५ वजा एक), म्हणजे ४१.९ सीसी. ८.५ हवं असेल तर २७२.४ भागिले ७.५, म्हणजे ३६.३ सीसी. दर सिलिंडरमागे ५.६ सीसी कमी करायचे.

आता आजची जागा मोजा. व्हॉल्व्ह आणि प्लग लावलेलं हेड उलटं, समतल ठेवा. चेंबरच्या (हेडमधल्या ज्वलनाच्या खळग्याच्या) कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, त्यावर भोक पाडलेली ६ मिमी ॲक्रिलिकची चकती दाबा आणि ५० मिलीच्या सिरिंजने रॉकेल भरा. सगळे बुडबुडे गेल्यावर जितकं मावलं तितकं चेंबर. त्यात हेडखालच्या गॅस्केटची (सीलची) जागा मिळवा : दाबल्यावर १.२ मिमी उरणारं गॅस्केट ६८ मिमी बोअरला सुमारे ४.४ सीसी देतं. पिस्टनच्या माथ्यावर खळगा असेल तर तोही मोजा. चारही चेंबर मोजाच, अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी ते सारखे करा.

चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३० चौरस सेंटीमीटर असेल तर १ मिमी घासल्याने ३ सीसी जातात. म्हणजे ५.६ सीसीसाठी जवळजवळ १.९ मिमी, आणि इतकं आम्ही सुचवणार नाही. ॲल्युमिनियमचं हेड पातळ होतं, पाण्याच्या वाटांच्या कडा कमजोर पडतात आणि पुढच्या वेळी घासायला धातू उरत नाही. इंजिनातले पुशरॉडही (व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर हलवणाऱ्या दांड्या) तेवढ्याने लांब ठरतात. रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या मध्यावर न बसता कडेला घासतं आणि व्हॉल्व्हचे गाइड एका बाजूने झिजतात. एक मिमीच्या आत थांबा, तेवढ्यानेही कॉम्प्रेशन ८ च्या आसपास येईल. जोडताना पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये मातीची जाडी किमान २ मिमी उरली पाहिजे.

कॉम्प्रेशन वाढल्यावर ठिणगीचं टायमिंग आहे तिथून दोन अंश मागे घेऊन सुरुवात करा. कात्रजच्या चढावर तिसऱ्यात टकटक आवाज आला तर आणखी मागे.

प्रश्न : कार्ब्युरेटर साफ करून घेतल्यापासून पेट्रोलचा वास येतो, आणि गाडी पिकअपला झटके देते. (हडपसर)

दोन्ही खुणा हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलशी जुळतात. इथेनॉल जुन्या रबरी नळीला फुगवतं आणि मऊ करतं. नळी दोन बोटांत दाबा. चिकट लागली किंवा आत ओली भेग दिसली तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, पंपाचा पडदाही बदला. टाकीतला जुना गाळही इथेनॉल सोडवतं, म्हणून पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिले काही आठवडे तो रोज बघा.

झटक्यांचं कारण म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला १३.५च्या आसपास. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने इथे हवा विरळ, त्यामुळे यातलं थोडं आपोआप भरून निघतं, पण पुरेसं नाही. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लावा. मग गाडी चौथ्यात दहा मिनिटं पळवून तशीच बंद करा आणि प्लग काढा. चिनीमातीचा रंग फिकट विटकरी असेल तर बरोबर. पांढरा असेल तर जेट अजून एक नंबर मोठा, काळी काजळी असेल तर मागे या.