गाण्याच्या नावाआधी तारीख बघा

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. 'इन द मूड' आणि 'सिंग, सिंग, सिंग' ऐकून बिग बँडची, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदांची, गोडी लागली, पण शोधायला गेलं की एकाच गाण्याच्या वीस-पंचवीस आवृत्त्या समोर येतात. त्यातली अस्सल कुठली? खरोखर जुन्या वाटतात त्या इतक्या दबक्या आवाजात का? सुरुवात कुठून करावी? आणि चोरबाजारात दिसणाऱ्या जुन्या तबकड्या घ्याव्यात का? याच क्रमाने उत्तर देईन याची खात्री नाही, पण चारही घेतो.

स्विंगच्या, म्हणजे या बँडच्या नाचायच्या जॅझच्या, बाबतीत नावावरून शोधलंत की फसलात. तारखेवरून शोधा. ही बँडवाली मंडळी आपलीच गाजलेली गाणी पुढे अनेक वर्षं नव्याने रेकॉर्ड करत राहिली. ग्लेन मिलरचं मूळ 'इन द मूड' १ ऑगस्ट १९३९ चं, ब्लूबर्ड लेबलचं. डिसेंबर १९४४ मध्ये मिलर विमानासकट बेपत्ता झाला, पण त्याच्या नावाचा ऑर्केस्ट्रा दुसऱ्यांच्या हाताखाली चालूच राहिला. बेनी गुडमनचं 'सिंग, सिंग, सिंग' जुलै १९३७ चं. १९५४ मध्ये त्याने कॅपिटल कंपनीसाठी आपला जुना माल नव्या हाय-फाय तंत्रात पुन्हा वाजवला. ही नंतरची रेकॉर्डिंग वाईट नाहीत, काही तर सुरेख आहेत. पण माणसं बदललेली, ड्रम वाजवायची पद्धत बदललेली, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्यासाठी वाजवायचं ते नाचणारे लोक समोर नाहीत. स्ट्रीमिंगवर जे साल दिसतं ते बहुतेक वेळा संकलन बाजारात आलं ते असतं, त्यावर भरवसा ठेवू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने अमेरिकन ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांची सूची फुकट उघडी ठेवली आहे. त्यात बँडचं नाव टाकलं की कुठल्या दिवशी, कुठल्या शहरात, कितवा टेक (कितव्यांदा वाजवलेलं), सगळं निघतं. मी कुठलंही संकलन घेण्याआधी तिथे डोकावतो.

एक कच्चा नियम सांगतो. तीसच्या दशकातलं गाणं डाव्या-उजव्या बाजूंनी वेगवेगळं आणि लख्ख ऐकू येत असेल, तर ते पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातलं किंवा त्याही नंतरचं आहे. अपवाद मोठा मजेशीर आहे. फेब्रुवारी १९३२ मध्ये व्हिक्टर कंपनीने ड्यूक एलिंग्टनच्या बँडच्या दोन मेडली (सलग जोडलेली गाणी) लांब वेळाच्या तबकडीसाठी रेकॉर्ड केली. त्या वेळी दोन वेगळ्या मायक्रोफोनवरून दोन वेगळी यंत्रं चालू होती. पन्नासेक वर्षांनी संग्राहकांच्या लक्षात आलं की एकाच टेकच्या दोन तबकड्या कानाला किंचित वेगळ्या लागतात. दोन्ही जुळवून एकदम वाजवल्या आणि १९३२ चा एलिंग्टन चक्क स्टिरिओत उभा राहिला. ते जरूर ऐका, सॅक्सोफोनवाले कुठे बसलेत ते कळतं.

आता दबक्या आवाजाचं. त्या काळी ध्वनी थेट मेणाच्या जाड चकतीवर कोरला जाई. ती चकती लगेच वाजवून बघायची सोय नव्हती, वाजवली की खराब. तिच्यापासून धातूचा साचा, साच्यापासून तबकड्या. मध्येच ट्रम्पेटवाला चुकला तर नवी चकती, पहिल्यापासून सगळं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. आपल्याकडे अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई याच मापात ख्याल बसवत होते आणि ऐकताना जाणवतं की मोठी वस्तू छोट्या डब्यात घातली आहे. एलिंग्टनचं उलटं झालं. त्याने तीन मिनिटं हाच आकार मानला आणि त्याच्यासाठीच लिहिलं. ६ मार्च १९४० ला शिकागोत रेकॉर्ड केलेलं 'को-को' घ्या. बारा 'बार'च्या आवर्तनाचा, उदास स्वरांचा (मायनर) साधा ब्लूज, पण दर आवर्तनाला आवाजाची घडण बदलते, ताण चढत जातो, ट्रायकी सॅम नॅन्टन ट्रॉम्बोनच्या तोंडावर रबरी प्लंजर धरून माणसासारखा गुरगुरतो, शेवटाकडे जिमी ब्लँटनचा बास एकटा डोकं वर काढतो, आणि तीन मिनिटं व्हायच्या आत सगळं संपतं. यात एक सेकंद वाढवायची गरज वाटत नाही.

तुम्हाला जी खरखर नकोशी वाटते तिच्याबद्दल माझं मत ठाम आहे: ती राहू द्या. तबकडीची खरखर आणि झांजेचा आवाज जवळजवळ एकाच पट्टीत राहतात. काउंट बेसीच्या बँडमध्ये जो जोन्सने ठेका पायाखालच्या मोठ्या ड्रमवरून उचलून हाय-हॅट नावाच्या जोडझांजांवर नेला. वॉल्टर पेजचा बास चारही मात्रा चालत राहतो, फ्रेडी ग्रीनची गिटार विजेशिवाय वाजते, स्वतः बेसी पियानोवर दोन-चार सूर टाकून गप्प बसतो. या चौघांची सारी जादू त्या हलक्या 'त्स-त्स'वर उभी आहे. कंपनीने खरखर पुसली की जो जोन्सही पुसला जातो. सीडीच्या सुरुवातीच्या वर्षांत हा उद्योग जोरात झाला. त्याआधी साठच्या दशकात एलपींवर खोटा स्टिरिओ आणि वर प्रतिध्वनी चढवायची टूम होती. दबकेपणाचा बराच वाटा तीसच्या दशकातल्या मायक्रोफोनचा नसतो, नंतरच्या सफाईचा असतो. चांगल्या, कमी घासलेल्या तबकडीवरून हात राखून केलेलं रूपांतर ऐकलंत तर थक्क व्हाल. मोझेक या अमेरिकन लेबलचे संच आणि स्कॉटलंडच्या हेप लेबलच्या सीडी या बाबतीत विश्वासाच्या. मोझेकचे संच मर्यादित निघतात आणि संपले की महागतात, एवढंच.

सुरुवात बेसीपासून करा, १९३६ ते १९३९. जॉन हॅमंड नावाच्या निर्मात्याने शिकागोत आपल्या मोटारीतल्या रेडिओवर कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमधून येणारं प्रक्षेपण पकडलं आणि या बँडच्या मागे लागला. पण तो करार करण्याआधी डेका कंपनीने गाठलं: तबकड्यांच्या २४ बाजूंसाठी ७५० डॉलर, रॉयल्टी शून्य. 'वन ओ'क्लॉक जंप'च्या किती प्रती खपल्या त्याच्याशी बेसीच्या खिशाचा संबंध नाही! हॅमंडने मग १९३६ मध्ये पाच जणांना शिकागोच्या स्टुडिओत नेलं. बेसीचं नाव वापरता येत नव्हतं म्हणून ड्रमर जो जोन्स आणि ट्रम्पेटवाला कार्ल स्मिथ यांच्या आडनावांवरून तबकडीवर छापलं 'जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड'. लेस्टर यंगचं हे पहिलं रेकॉर्डिंग. 'लेडी बी गुड'मधला त्याचा सोलो ऐका. तोवर टेनर सॅक्सोफोन म्हणजे कोलमन हॉकिन्सचा भरदार, घुमणारा आवाज. हा माणूस हलक्या, कोरड्या आवाजात ठेक्याच्या किंचित मागून बोलतो. बिग बँड नाही हा, पण पुढचा सगळा बेसी यात बीजरूपाने आहे. मग जुलै १९३७ चं 'वन ओ'क्लॉक जंप', मग १९३८ चं 'जंपिन ॲट द वुडसाइड'.

गुडमनकडे जाताना आधी फ्लेचर हेंडरसन. 'किंग पोर्टर स्टॉम्प' ही जेली रोल मॉर्टनची रचना हेंडरसनच्या बँडने १९२८, १९३२ आणि १९३३ मध्ये रेकॉर्ड केली, आणि १ जुलै १९३५ ला गुडमनने हेंडरसनच्याच बांधणीत (अरेंजमेंटमध्ये). चारही लागोपाठ ऐका. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनने हाक द्यायची आणि सॅक्सोफोननी जबाब द्यायचा, हा स्विंगचा पाया आकार घेताना ऐकू येतो. गुडमनच्या आवृत्तीत बनी बेरिगनचा ट्रम्पेट सुरेखच आहे आणि बँड घोटून बसलेला आहे. तरी मला १९३२-३३ चा हेंडरसन जास्त जिवंत वाटतो. पैसा आणि 'स्विंगचा राजा' हा किताब कोणाच्या वाट्याला गेला आणि का गेला, यावर वेगळं लिहावं लागेल. गुडमन गोरा, हेंडरसन कृष्णवर्णीय, आणि त्या काळच्या अमेरिकेत कातडीचा रंग बघूनच हॉटेलांचे करार आणि रेडिओचे प्रायोजक मिळत, एवढं पुरे.

'सिंग, सिंग, सिंग' तुम्हाला आवडलं आहे, तर एक प्रयोग करा. जुलै १९३७ चं स्टुडिओतलं आठ-पावणेनऊ मिनिटांचं, म्हणजे बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू, आणि १६ जानेवारी १९३८ च्या कार्नेगी हॉल मैफलीतलं बारा मिनिटांवरचं. दुसऱ्यात शेवटाकडे जेस स्टेसी या पियानोवाल्याला अचानक जागा मिळते. ड्रमर जीन क्रुपाच्या धडाक्यानंतर तो असं काही हळुवार वाजवतो की सभागृह गप्प होतं. हे ठरलेलं नव्हतं, दुसऱ्या कुठल्या तबकडीवर ते नाही. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण एका हितचिंतकाने मंचावर टांगलेल्या मायक्रोफोनवरून खाजगीत करवून घेतलं होतं, आणि कोलंबियाने ते १९५० मध्ये एलपीवर आणलं. १९९९ ची आवृत्ती घ्या. खरखरीबद्दल तिला पुष्कळ शिव्या पडल्या आहेत, पण वर सांगितलेल्या कारणासाठीच मला ती आवडते.

स्टुडिओची तबकडी आणि नाचघरातला बँड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळेल. एलिंग्टनचा १९४० ते १९४२ चा व्हिक्टरवरचा काळ, म्हणजे ब्लँटन आणि टेनर सॅक्सोफोनवाला बेन वेबस्टर बँडमध्ये होते तो, माझ्या मते या साऱ्या संगीताचं शिखर आहे. त्याचा २००३ चा तीन सीडींचा संच घ्या, १९८६ चा टाळा. तो ऐकून झाला की ७ नोव्हेंबर १९४० चं फार्गो ऐका. नॉर्थ डाकोटातलं कडाक्याच्या थंडीचं गाव, क्रिस्टल बॉलरूम, आणि जॅक टॉवर्स व डिक बरिस हे दोन तरुण हौशी परवानगी काढून तबकडी कोरायचं यंत्र घेऊन हजर. ट्रम्पेटवाला कूटी विल्यम्स नुकताच गुडमनकडे गेलेला, त्याच्या जागी आलेला रे नान्स बँडमध्ये अगदी नवा. लोक नाचताहेत, बोलताहेत. 'स्टारडस्ट'मध्ये वेबस्टर घाई न करता कडव्यामागून कडवं वाजवत जातो. स्टुडिओत त्याला इतकी जागा कधी मिळाली नसती. हे बाजारात यायला १९७८ उजाडलं.

याच जातीचा दुसरा ठेवा बिल सॅव्हरीचा. हा रेकॉर्डिंग इंजिनिअर १९३५ ते १९४० च्या सुमाराला रात्रीची रेडिओ प्रक्षेपणं मोठ्या तबकड्यांवर उतरवून घेत असे. त्याच्या पश्चात २०१० मध्ये हजाराच्या आसपास तबकड्या हार्लेमच्या जॅझ म्युझियमकडे आल्या. त्यातली बेसीची रेडिओवरची रेकॉर्डिंग ऐकताना डेकाच्या तबकड्यांत कोंडलेल्या बँडला दार उघडून दिल्यासारखं वाटतं.

जिमी लन्सफर्ड मात्र चुकवू नका, १९३४ पासूनचा डेकावरचा. साय ऑलिव्हरची बांधणी, दोन मात्रांचा डुलता ठेका. आर्टी शॉचं 'बिगिन द बिगीन', जुलै १९३८, तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेलं आणि तेच तुफान चाललं. मिलर तुम्हाला आवडतो तर ऐकाच. मला तो फार इस्त्री केलेला वाटतो.

१९४२ नंतर एक खड्डा लागेल, त्याचं कारण माहीत असू द्या. ७८ ची तबकडी बने शेलॅकपासून, म्हणजे आपल्या लाखेपासून, आणि जगाला लाख पुरवायचा मुख्यतः हिंदुस्थान, त्यातही छोटा नागपूरचा जंगलपट्टा. जपान युद्धात उतरल्यावर जहाजं अडली, लष्करालाही शेलॅक हवं होतं, आणि एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीचा वापर सुमारे ७० टक्क्यांनी कापला. दुकानदार नव्या तबकडीच्या बदल्यात जुनी मागू लागले. वर १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलोच्या नेतृत्वाखाली, रेकॉर्डिंगवर बंदी घातली. डेकाने १९४३ च्या सप्टेंबरात तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबियाने नोव्हेंबर १९४४ मध्ये. अर्ल हाइन्सच्या १९४३ च्या बँडमध्ये पुढे जॅझमध्ये गाजलेले चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि सारा वॉन एकत्र होते आणि त्या बँडची एकही व्यापारी तबकडी नाही. या काळासाठी व्ही-डिस्क शोधा. सैनिकांसाठी काढलेल्या या बारा इंची तबकड्यांना संघटनेने सूट दिली होती. त्यात सहा मिनिटांपर्यंत वाजवता येई आणि वादकांनी ती संधी सोडलेली नाही.

राहिला चोरबाजार. स्विंगच्या तबकड्या आपल्याकडेही विकल्या जात. मुंबईत ताजमध्ये अमेरिकन बँड वाजवून गेले होते, गोव्याचे वादक तेच शिकून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरले, तेव्हा त्या अधूनमधून सापडतात. पण बहुतेक पोलादी सुयांनी खाल्लेल्या असतात. तिरक्या उजेडात धरा. खाचा राखाडी दिसल्या तर सोडून द्या. एलपीच्या सुईने वाजवू नका. ७८ ला साधारण तिप्पट जाड टोकाची सुई लागते, आणि टर्नटेबलला ७८ ची गती हवी. मधल्या कागदाजवळ लाखेत कोरलेला मॅट्रिक्स नंबर वाचून घ्या, वर सांगितलेल्या सूचीत टाका, आणि तारीख १९४५ च्या आतली निघाली तरच घासाघीस सुरू करा.