वाचकांचे प्रश्न : सुटे असताना बोलणारे कंट्रोलर एकत्र जोडल्यावर गप्प का?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचे बेदाण्याचे शीतगृह आहे. सहा खोल्यांत सहा तापमान कंट्रोलर असून ते आरएस-४८५ (दोन तारांवर अनेक उपकरणे जोडण्याची पद्धत) वर मॉडबस आरटीयू या संवादाच्या ठरावीक पद्धतीने माहिती देतात. ऑफिसातल्या पीसीला यूएसबी कन्व्हर्टर लावून कोणताही एक कंट्रोलर जोडला, तर तापमान नीट वाचता येते. पण सहाही एकदम जोडले की एकाचेही उत्तर येत नाही. वायरमनने प्रत्येक खोलीतून स्वतंत्र केबल ऑफिसपर्यंत आणली आहे आणि प्रत्येक कंट्रोलरच्या टर्मिनलवर १२० ओहमचा रेझिस्टर बसवला आहे. कन्व्हर्टर बदलून पाहिला, तरी फरक पडला नाही. चूक कुठे असावी?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : एकेक कंट्रोलर उत्तर देतो, याचा अर्थ कन्व्हर्टर, त्याचा ड्रायव्हर, बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) या गोष्टी बरोबर आहेत, त्यामुळे त्यांवर आणखी खर्च करू नये. आपण दिलेल्या वर्णनात तीन वेगवेगळे दोष दिसतात आणि ते तिन्ही दूर केल्याशिवाय जोडणी भरवशाची होणार नाही.

पहिला दोष बहुधा आयडीचा, म्हणजे कंट्रोलरच्या ओळख क्रमांकाचा आहे. मॉडबसमध्ये पीसी विचारतो आणि ज्याचा आयडी पुकारला तोच कंट्रोलर उत्तर देतो. नवे कंट्रोलर बहुतेक वेळा आयडी १ घेऊनच येतात. सहाही जणांचा आयडी १ असेल, तर पीसीने एकाला हाक मारली की सहाही जण एकाच वेळी बोलू लागतात आणि तारेवर नुसता गोंधळ उरतो. प्रत्येक कंट्रोलर सुटा असताना त्याच्या मेनूत जाऊन १ ते ६ असे आयडी द्यावेत आणि खोली क्रमांकासह पॅनेलच्या दाराच्या आतून चिठ्ठी चिकटवून ठेवावी. पुढे कधी कंट्रोलर बदलावा लागला, तर त्या दिवशी ही चिठ्ठीच कामाला येते.

दुसरा दोष रेझिस्टरचा. १२० ओहमचा रेझिस्टर केबलच्या फक्त दोन टोकांना लागतो, मधल्या कोणत्याही कंट्रोलरला नाही. सगळ्यांचा वीजपुरवठा बंद करून मल्टीमीटर ए आणि बी या सिग्नलच्या दोन तारांमध्ये लावून पाहावा. जोडणी बरोबर असेल तर सुमारे ६० ओहम दिसतात. सहा रेझिस्टर असताना ते २० च्या आसपास दिसतील आणि कन्व्हर्टरमध्ये एक आतूनच असेल तर त्याहूनही कमी. एवढ्या ओझ्याखाली सिग्नलची उंची इतकी खाली येते, की समोरच्याला शून्य आणि एक यांतला फरक ओळखता येत नाही. कन्व्हर्टर हेच एक टोक असल्यामुळे, त्यात रेझिस्टर असल्यास बाहेर फक्त शेवटच्या खोलीत एक ठेवावा.

तिसरा दोष केबलच्या मांडणीचा आहे आणि तोच निस्तरायला सर्वांत कष्टाचा. आरएस-४८५ ची केबल एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी साखळीने जायला हवी. ऑफिसातून सहा फाटे फुटले, की प्रत्येक फाट्याच्या टोकावरून सिग्नल परत उसळतो. आपण टाकलेल्या केबलमध्ये पीळ दिलेल्या दोन जोड्या असतील, तर नवी केबल ओढण्याची गरज नाही. एका जोडीने खोलीकडे जावे, दुसरीने ऑफिसात परत यावे आणि तिथून पुढच्या खोलीच्या जोडीला जोडावे. लांबी दुप्पट होईल. पण ९६०० बॉडला १२०० मीटरपर्यंत मुभा असल्याने आपल्या इमारतीत ती अडचण ठरू नये. एका निर्मात्याचा ए म्हणजे दुसऱ्याचा बी, हा घोळ या क्षेत्रात फार जुना आहे. म्हणून एखादाच कंट्रोलर गप्प राहिला, तर त्याच्या दोन तारा उलट करून पाहाव्यात, त्याने नुकसान होत नाही. मात्र तिसरी, सामाईक (सिग्नल ग्राउंडची) तार विसरू नये. केबलची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थिंगला जोडावी आणि केबल कॉम्प्रेसरच्या मोटारीच्या तारांपासून दूर न्यावी, विशेषतः मोटार व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) असेल तर.

हे झाल्यावर सहाही एकदम जोडू नयेत. एक जोडून वाचावा, मग दुसरा, मग तिसरा. ज्याने साखळी मोडेल तो लगेच सापडेल. पीसीने आयडी १ ला एक आकडा विचारला, की तारेवर आठ बाइट जातात (सोळा-आधारी आकड्यांत) : ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए. शेवटचे दोन बाइट तपासणीचे असतात. उत्तरात ४५ आला आणि कंट्रोलर एक दशांश स्थळ धरत असेल, तर तापमान ४.५ अंश समजावे. थंडावा देणाऱ्या कॉइलच्या सेन्सरवर ६५५१६ असा अचाट आकडा दिसला, तर घाबरू नये : तो चिन्हासह वाचला की उणे २० होतो, म्हणजे उणे २.० अंश.

बॉड रेट वाढवण्याचा मोहही टाळावा. ९६०० ला आठ बाइट साधारण ८ ते ९ मिलिसेकंदांत जातात, त्यामुळे सहा खोल्यांची फेरी एका सेकंदाच्या आत पूर्ण होऊ शकते आणि बेदाण्याच्या खोलीचे तापमान त्याहून कितीतरी हळू बदलते. वळवाच्या विजा चमकतात त्या दिवसांसाठी मात्र विद्युत विलगीकरण (पीसी आणि केबल यांच्यात थेट विद्युत जोड नसणे) असलेला कन्व्हर्टर घ्यावा. हा खर्च मी आवर्जून करायला सांगेन, कारण एका झटक्यात पीसीचा पोर्ट आणि कंट्रोलर दोन्ही जाऊ शकतात.

प्रश्न : मिरज एमआयडीसीत आमचा जुना सीएनसी (संगणकीय प्रोग्रॅमवर चालणारा) लेथ आहे. लॅपटॉपवरून आरएस-२३२ या सिरीयल केबलने प्रोग्रॅम पाठवताना लहान प्रोग्रॅम पूर्ण जातो, मोठा मध्येच तुटतो.
— एक वाचक, मिरज

उत्तर : लहान प्रोग्रॅम पूर्ण जातो, म्हणजे केबलमधल्या माहितीच्या तारा आणि बॉड रेट, पॅरिटी ही सेटिंग ठीक आहेत. मशीनचा बफर (आलेली माहिती तात्पुरती साठवण्याची जागा) भरला, की ते लॅपटॉपला थांबायला सांगते आणि ते सांगणे लॅपटॉप ऐकत नसावा. दोन्हीकडे एक्सऑन-एक्सऑफ (माहितीच्याच तारेवरून 'थांब' आणि 'चालू कर' सांगण्याची पद्धत) सुरू करावे. मशीनमध्ये ही सोय नसून वेगळ्या तारांनी थांबवण्याची पद्धत असेल, तर २, ३ आणि ५ या तीनच पिनांची केबल पुरणार नाही. मशीनच्या पुस्तिकेत दिलेली पूर्ण जोडणी करावी. तोवर बॉड रेट ९६०० असल्यास ४८०० वर आणून पाहावा. केबल १५ मीटरच्या आत ठेवावी आणि लावताना-काढताना मशीन बंद असावे.